मला जपून ठेवू नका

मी एक जुनी बरणी आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे.

दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. तुम्ही ज्या वस्तूंची मनोगतं वाचता, त्या बहुतेक गरीब स्वभावाच्या असतात. फाटकी छत्री म्हणते, मला विसरू नका. मोडकी खुर्ची म्हणते, मला अडगळीत टाकू नका. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. माझं मागणं अगदी उलटं आहे. ते का, हे कळायला तुम्हाला माझी हकिगत शेवटपर्यंत ऐकावी लागेल.

माझा जन्म कारखान्यात झाला. प्लास्टिकचे पांढरे मणी वितळवतात, साच्यात घालतात आणि आत हवा सोडून फुगवतात. सगळ्या बरण्या अशाच होतात, पण मी जरा जाड निघाले. जाड अंगाची, रुंद तोंडाची, आट्यांच्या झाकणाची. तपासणाऱ्या बाईने मला टेबलावर आपटून पाहिलं. मी नुसतं 'ठप्' केलं. "ही टिकणार," ती म्हणाली. जाड असण्याचं कौतुक माझ्या कानांवर आलं ते तेव्हाच. पुढे कधी नाही.

माझ्यात कपडे धुण्याची पावडर भरली, अंगावर निळा कागद चिकटवला आणि मी दुकानातून एका घरी आले. तिसरा मजला, दोन खोल्या, मागे कपडे वाळत घालायची गॅलरी. घरात दोघीच राहायच्या. एक आत्या आणि दुसरी तिची भाची. भाचीचे आईवडील ती सहा वर्षांची असताना गेले, तेव्हापासून आत्यानेच तिला वाढवली. ही भाची मालाच्या यार्डात क्रेन चालवायची. मोठमोठे लोखंडी कंटेनर उचलून ट्रकवर ठेवायचे, असं तिचं काम. म्हणून सगळी इमारत तिला क्रेनताई म्हणायची.

दोन महिन्यांत माझी पावडर संपली. दुसरं घर असतं तर मी त्याच दिवशी कचऱ्यात गेले असते. पण आत्याच्या घरी रिकाम्या बरणीला मरण नव्हतं.

"एवढी चांगली बरणी कुणी टाकतं का?" असं म्हणून तिने मला गरम पाण्यात बुडवलं आणि नखाने माझा निळा कागद खरवडून काढला. माझं नाव गेलं. काय आहे, कशासाठी आहे, हे सांगणारं अंगावर काही उरलं नाही. मग तिने मला माळ्यावर ठेवलं. तिथे आधीच एकतीस बरण्या बसलेल्या होत्या. सगळ्या धुतलेल्या, सगळ्या बिननावाच्या, सगळ्या 'कधीतरी कामाला येईल' म्हणून थांबलेल्या. मी तिथे तीन वर्षं काढली. शेजारची एक बरणी तर कशाला थांबलोय हेच विसरून गेली होती.

आता क्रेनताईबद्दल सांगते, कारण माझा राग तिच्यावरही आहे आणि जीवही तिच्यावरच आहे.

ती जाडजूड होती. कामात वाघीण. क्रेनच्या केबिनपर्यंत एकशेदहा पायऱ्यांची सरळसोट शिडी होती. ती चढून गेलं की खालची माणसं मुंग्यांएवढी दिसतात, असं ती आत्याला सांगायची. "आणि मुंग्यांना मी किती जाड आहे ते दिसत नाही," असं पुढे जोडायची आणि हसायची. तिच्या हसण्यात हसू कमी होतं. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण तिच्या अंगाचा मालक असल्यासारखा बोलायचा. "ताई, क्रेन तुम्ही चालवता की क्रेन तुम्हाला उचलते?" हा विनोद पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी केला होता. तो इतका चालला की त्यांनी तो चार वर्षं वापरला.

आत्याचं तर काय सांगावं! एका हाताने वाढायची आणि दुसऱ्या हाताने टोचायची. "खा गं पोरी, दमून आलीस," म्हणून ताट भरायचं, आणि दोन घास पोटात गेले की, "जरा आरशात बघत जा." वर पुन्हा वाढायचं. मला माळ्यावर बसून वाटायचं, अगं बाई, एक काहीतरी कर.

मग यार्डाच्या डॉक्टरांनी तपासणीत सांगितलं की रक्तदाब वाढलाय, साखर काठावर आलीय, आणि चाळिसाव्या पायरीवर धाप लागतेय. वर्षअखेरच्या तपासणीत असंच राहिलं तर शिडी बंद, खाली टेबलावर बसून नोंदी करायच्या. क्रेनताईला ती उंची हवी होती. तिथे तिला कुणी काही म्हणत नव्हतं.

तिने काय केलं नव्हतं? सहा वर्षं पहाटे चालणं, मोजून खाणं, सगळं झालं होतं. दहा किलो उतरायचे, बारा चढायचे. शेवटी ती मोठ्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, आधीचे आजार विचारले, आणि एक औषध लिहून दिलं. आठवड्यातून एकदा, आपलं आपण टोचून घ्यायचं. लहान डोसापासून सुरुवात करून दर महिन्याला थोडं वाढवायचं. नर्सने शिकवून पाठवलं.

ती चिठ्ठी पर्समध्ये घेऊन क्रेनताई घरी आली, तेव्हा आत्या टीव्हीपुढे बसली होती.

"बघ बघ," आत्या म्हणाली, "आता म्हणे सुया टोचून बारीक होतात. जिभेला आवर घालायचा नाही आणि मग पोटात सुया खुपसायच्या! लाज कशी वाटत नाही गं या लोकांना?"

क्रेनताईच्या तोंडात घास होता. तिने तो गिळला आणि म्हणाली, "हो ना."

मित्रांनो, ते दोन शब्द नीट लक्षात ठेवा. पुढे जे झालं ते त्या 'हो ना'मधून झालं.

औषध पेनासारख्या इंजेक्शनमध्ये येतं, आणि ते पेन फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. आत्याने दुसऱ्याच दिवशी खोका पाहिला आणि विचारलं. क्रेनताई म्हणाली, "कामावरच्या मैत्रिणीचं औषध आहे. तिचा फ्रीज बिघडलाय." पुढचे चार महिने त्या न जन्मलेल्या मैत्रिणीचा न जन्मलेला फ्रीज काही दुरुस्त झाला नाही. आत्या दर आठवड्याला चौकशी करायची. "अजून नाही? काय मेला मेकॅनिक आहे! नवीन घे म्हणावं तिला."

आणि माझं नशीब असं, की नर्सने आणखी एक गोष्ट बजावली होती. वापरलेली सुई कचऱ्यात जाता कामा नये. जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची बरणी घ्यायची. दर वेळी सुई तिच्यात टाकायची. बरणीवर मोठ्या अक्षरांत लिहायचं, 'वापरलेल्या सुया, उघडू नका'. पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून औषधाच्या दुकानात आणून द्यायची, तिथून ती जाळायला जाते.

क्रेनताईने माळ्यावरून मला उतरवलं. तीन वर्षांनी कुणीतरी मला कामाला घेतलं! बाथरूमचं दार लावून तिने मला मांडीवर घेतलं, नर्सचे शब्द पुटपुटत माझ्यावर लिहायला मार्कर उघडला. त्याचं काळं टोक माझ्या पोटाला टेकणार, इतक्यात बाहेर आत्याच्या सपाता फटफटल्या.

"आत काय करतेयस इतका वेळ?"

मार्करचं टोपण परत लागलं. मी कोरीच राहिले. तिने मला वरच्या फळीवर, साबणाच्या वड्यांच्या मागे ढकललं. उद्या लिहीन, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. तुमच्याही चेहऱ्यावर गृहपाठाच्या वेळी असतं ना, अगदी तसंच.

शनिवारची संध्याकाळ आमची ठरलेली. कडी लावायची, नळ सोडायचा, म्हणजे आवाज बाहेर जात नाही. हात धुवायचे. पेन उजेडात धरून औषध स्वच्छ आहे ना बघायचं. नवी सुई फिरवून बसवायची, डोसाचा आकडा लावायचा, बेंबीपासून दोन बोटं सोडून टोचायचं, दाबून धरायचं आणि सावकाश मोजायचं. एका आठवड्याला डावी बाजू, दुसऱ्याला उजवी. मग सुईवर मोठी टोपी चढवून ती काढायची आणि माझ्यात टाकायची. टक्. पहिल्या शनिवारी टोपी तीनदा खाली पडली. चौथ्या शनिवारी ती गुणगुणत होती.

सोपं नव्हतं हं. सुरुवातीचे रविवार तिने उशाशी भांडं घेऊन काढले. मळमळ थांबायची नाही. आत्याला सांगितलं, "पित्त झालंय." भूक कमी झाली, अर्ध्या ताटात पोट भरायला लागलं, तेव्हा आत्या उरलेल्या ताटाकडे बघून म्हणाली, "माझ्या हाताची चव गेली का गं?" तो प्रश्न विचारताना तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. तेव्हा तरी सांगायचं की नाही? "नाही गं, उन्हाळा आहे," म्हणाली क्रेनताई. एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. माझ्या माळ्यावर बरण्या एकीत एक बसवलेल्या असायच्या ना, तसं.

पण शिडी बदलत होती. आधी चाळिसाव्या पायरीवर थांबावं लागायचं, मग साठाव्या, मग ऐंशीव्या. हे ती मला सांगायची. दुसरं होतं कोण सांगायला? सगळ्या घरात तिचं खरं ऐकलेली मी एकटी, आणि माझं तोंड झाकणाने बंद.

सतरा सुया झाल्या. सतरावीनंतरच्या सोमवारी क्रेनताई कामावर असताना आत्याने बाथरूमची फळी आवरायला काढली.

आत्याच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. तिने साबणाच्या वड्यांमागून मला ओढलं, हलवलं, झाकण उघडलं. आत छोट्या छोट्या प्लास्टिकच्या टोप्या. तिने एक चांगल्या डोळ्यापाशी नेली. "कसली बुचं साठवलीत या पोरीने?" ती म्हणाली. "आणि एवढी चांगली बरणी अडवून ठेवलीय!"

मी ओरडले. बरणी ओरडते म्हणजे काय करते, तर काही नाही. हातात आडवी राहते. माझ्या अंगावर चार शब्द असते तर मी ते चार शब्द ओरडले असते, आणि आत्याने ते वाचले असते, कारण आत्या औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा भिंग लावून वाचते. पण मी कोरी होते. तिने मला स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या पातळ पिशवीत उपडी केलं. सतरा टोप्या सालांवर जाऊन पडल्या. त्यातली अकरावी मला चांगली आठवत होती. त्या शनिवारी आत्याने दार वाजवलं म्हणून क्रेनताईने तिची टोपी घाईत अर्धवट लावली होती.

मग मला गरम पाण्याने धुतलं. उन्हात वाळवलं. माझ्यात कपड्यांचे चिमटे भरले आणि गॅलरीच्या दोरीला टांगलं. "बघ, आली की नाही कामाला!" असं आत्या स्वतःशीच म्हणाली. तिला इतका आनंद झाला होता की मला तिचा रागही धड करता येईना. तो मी नंतर केला.

गॅलरीतून खालचं अंगण दिसतं, कचऱ्याचे डबे दिसतात. मंगळवारी सकाळी मावशी आली. मावशी म्हणजे आमच्या इमारतीचा कचरा उचलणारी बाई. अकरा वर्षं रोज येते. कुठल्या मजल्यावर पाहुणे आलेत आणि कुठे आजारपण आहे, तिला कचऱ्यावरून कळतं, पण ती कुणाला बोलत नाही. तिच्या हातमोज्यांना बोटांपाशी भोकं होती. मुकादम वर्षातून एकदाच नवे देतो.

तिने आमची पिशवी उचलली, तोंड बांधायला तळव्याने दाबली आणि "आई गं!" म्हणून हात झटकला. मोजा काढला. अंगठ्याच्या खाली रक्ताचा एक थेंब होता. एवढासा. तिने पिशवी जमिनीवर ओतली, सतरा टोप्या बघितल्या, आणि ती तिथेच कठड्यावर बसली. ती कधी अशी बसल्याचं मी ऐकलंसुद्धा नव्हतं.

वरून इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, "काय झालं मावशी?"

"सुया आहेत साहेब. वापरलेल्या. कुणाच्या आहेत?"

सांगणार कोण? क्रेनताई यार्डात होती, आणि आत्याला बिचारीला वाटत होतं की आपण बुचं टाकलीत.

दवाखान्यात मावशीला विचारलं, सुई कुणाला टोचलेली होती? तिला काय सांगता येणार? सतरा सुया, सतरा माणसांच्याही असू शकतात. वापरलेल्या सुईतून दुसऱ्याच्या रक्तातला आजार येऊ शकतो. म्हणून तिला महिनाभराच्या गोळ्या सुरू केल्या, आणि दीड महिन्याने, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला बोलावलं. तोवर वाट बघायची. सुया कुणाच्या ते कळलं, आणि त्या माणसाचं रक्त चांगलं निघालं, तर गोळ्या बंद करता येतील, असं डॉक्टर म्हणाले.

आणि त्या संध्याकाळी काय झालं ते ऐका. क्रेनताई कामावरून आली, गॅलरीतले वाळलेले कपडे काढायला लागली. आत्याने तिला सगळं सांगितलं.

"काय लोक असतात!" क्रेनताई म्हणाली. "जरा डोकं नको? कचरा उचलणारं माणूस नसतं का?"

हे बोलताना ती एकेक चिमटा माझ्यात टाकत होती. माझ्यात! तिला वाटत होतं, आपल्या सुया बाथरूमच्या फळीवर सुखरूप आहेत. तिने मला ओळखलं नाही. ओळखणार कशी? बत्तीस कोऱ्या बरण्यांतली मी एक.

गुरुवारी सेक्रेटरी आणि मुकादम यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. "ज्यांच्या असतील त्यांनी पुढे या." सगळ्यांच्या माना दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांकडे वळल्या, कारण त्यांना साखरेसाठी रोज सुई घ्यावी लागते. आजोबा काठी टेकत वर गेले आणि आपला डबा घेऊन खाली आले. जाड डबा, घट्ट झाकण, लाल अक्षरांत लिहिलेलं. "मोजून घ्या," ते म्हणाले. क्रेनताई तो डबा बघत होती. तिने मान खाली घातली. तिला लाज वाटली ती फक्त न लिहिल्याची. पुढचं तिला अजून कळलं नव्हतं.

ते शनिवारी कळलं. नळ सुटला, कडी लागली आणि मग नळ एकदम बंद झाला.

"आत्या, इथली बरणी कुठाय?"

"कुठली?"

"साबणामागची."

"ती होय! धुऊन गॅलरीत लावली. नुसती बुचं भरून ठेवली होतीस."

"...बुचं कुठायत?"

"टाकली. का गं, काय होतं त्यात?"

क्रेनताई गॅलरीत आली. तिने माझ्यात हात घातला, चिमटे बाजूला केले, तळ पाहिला. तिचा चेहरा मी अगदी जवळून बघत होते. आता बोलेल, मला वाटलं. आता बोल. खाली मावशीचा डबा दिसतोय, बोल.

"काही नव्हतं," क्रेनताई म्हणाली.

मित्रांनो, मला वितळवलं, फुंकलं, आपटलं, खरवडलं, तरी मी कधी तडकले नव्हते. त्या क्षणी तडकावं असं वाटलं. एक बाई कुणाची तरी सुई टोचल्यामुळे रोज गोळ्या गिळते, आणि दुसरी बाई चार माणसं आपल्याला हसतील म्हणून गप्प! अगं, ती माणसं आधीपासून हसतच होती की! सांगून त्यांना आणखी नवं काय मिळालं असतं?

त्या शनिवारी तिने औषध घेतलं नाही. रविवारी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

सोमवारी सकाळी मावशी आली. दोन डबे ओतले आणि तिसऱ्यापाशी वाकली ती वाकलेलीच राहिली. तिला उलटी होत होती. गोळ्यांनी. एका हाताने डब्याची कड धरून ती उलटी करत होती आणि दुसरा हात, तो टोचलेला, अंगापासून लांब धरला होता, जणू तो तिचा नव्हताच.

क्रेनताई कामाचे बूट घालून गॅलरीत उभी होती. त्या मळमळीची तिला ओळख होती. पोटातून कशी वर येते, डोळ्यांतून पाणी कसं काढते, सगळं. फक्त तिने ती आपल्या हाताने, आपल्या भल्यासाठी घेतली होती.

आत्या मागून म्हणाली, "बिचारी. कुणी केलं असेल हे?"

"मी," क्रेनताई म्हणाली.

"काय?"

"सुया माझ्या आहेत, आत्या. ती बुचं नव्हती. वजनाचं इंजेक्शन घेते मी. चार महिने झाले."

आत्याने गॅलरीची कड धरली. "म्हणजे... मी टाकल्या?"

"मी लिहायला हवं होतं बरणीवर."

"मग लिहिलं का नाहीस? मला सांगितलं का नाहीस? मी काय खाल्लं असतं तुला?"

"तू बोलली असतीस!"

"बोलले असते!" आत्या ओरडली. "बोलले असते, भांडले असते, दोन दिवस अबोला धरला असता! आणि मग बरणीला हात लावला नसता!"

क्रेनताईने मला दोरीवरून काढलं, चिमटे जमिनीवर ओतले आणि मला काखेत धरून ती जिना उतरायला लागली. मागे आत्याच्या सपाता फटफटत येत होत्या. दुखरा गुडघा, एक डोळा, तीन मजले. पण तिने एकदाही 'थांब' म्हटलं नाही.

अंगणात माणसं होती. पाणी भरणारी, कामावर निघालेली. क्रेनताई मावशीपुढे उभी राहिली. "मावशी, सुया माझ्या. सगळ्या सतरा. दुसऱ्या कुणाच्या नाहीत."

"आणि टाकल्या मी," मागून धापा टाकत आत्या म्हणाली. "मला दिसल्या नाहीत."

पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या तोंडून सुटलंच. "म्हणजे ते बारीक व्हायचं इंजेक्शन? तरीच म्हटलं!" आणि हसल्या.

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. "काकू, तुमची बादली भरून वाहतेय," ती म्हणाली. काकू गेल्या. मग ती क्रेनताईकडे वळली. तिच्या ओठांना रंग नव्हता.

"सहा दिवस," मावशी म्हणाली. "सहा दिवस मी माझ्या नातवाला जवळ घेतलं नाही. आणि तुम्ही वरून बघत होता."

"शनिवारी कळलं मला. तरी दोन दिवस... मावशी, मी—"

"रडायचं नंतर. आधी चला. रक्त द्या."

त्या दोघी गेल्या. आत्या मला मांडीवर घेऊन त्या कठड्यावर बसून राहिली, दुपारपर्यंत. घरून कुणी बोलावलं नाही, कारण घरी कुणी नव्हतंच. तिच्या अंगठ्याचं नख माझ्या पोटावर फिरत होतं, जिथे पूर्वी निळा कागद होता तिथे.

क्रेनताईचं रक्त चांगलं निघालं. मावशीच्या गोळ्या त्याच दिवशी थांबल्या. पुढच्या तपासण्या मात्र करायच्याच, असं डॉक्टर म्हणाले, आणि दोन्ही वेळा क्रेनताई रजा टाकून तिच्याबरोबर गेली. मावशीने तिला 'ये' म्हटलं नाही आणि 'येऊ नको'ही म्हटलं नाही. दोन्ही वेळा रक्त चांगलं आलं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा क्रेनताई तिला म्हणाली, "मावशी, मला माफ—"

"मला वाचता येतं," मावशी मध्येच म्हणाली. "कचरा उचलणारीला कोण विचारतं, म्हणून कुणी लिहीत नाही. पण मला वाचता येतं, ताई. लिहीत जा."

एवढंच. माफ केलं की नाही, ते मला आजही माहीत नाही, आणि ते विचारायचा हक्क आपल्याला नाही.

कबुली दिली त्याच सोमवारी संध्याकाळी आत्याने मला टेबलावर घेतलं होतं. भिंग लावलं. लाल मार्करने, एकेक अक्षर अंगठ्याएवढं काढत, तिने माझ्यावर लिहिलं: 'वापरलेल्या सुया. उघडू नका. आत्या, तूसुद्धा नको.' मग मला फळीवर साबणाच्या पुढे ठेवलं. शनिवारी कडी लागत नाही आता, नळही सुटत नाही. आत्या बाहेरून विचारते, "झालं का टोचून?" कधी पुढे एखादा टोमणाही असतो. जित्याजागत्या बाईची जीभ आहे ती, एका दिवसात कशी सुधारेल? पण ताट अर्धं राहिलं तर ती आता चवीबद्दल विचारत नाही. मावशीच्या हातात जाड हातमोजे आले. त्यासाठी क्रेनताई मुकादमाच्या कचेरीत सलग चार दिवस जाऊन बसली. वर्षअखेरची तपासणी झाली. एकशेदहा पायऱ्यांत ती आता एकदाच थांबते, आणि ते खाली वाकुल्या दाखवायला, असं म्हणते.

आणि मी? वर्षभराने मी पाऊण भरले. आज सकाळी क्रेनताईने माझं झाकण लावून त्यावरून चिकटपट्टी तीनदा फिरवली. आत्याने मला हातात घेतलं, उन्हात धरलं, वळवून पाहिलं. मला ती नजर माहीत आहे.

"चांगली बरणी होती गं," ती म्हणाली.

क्रेनताईने हात पुढे केला. आत्याने क्षणभर मला छातीशी धरलं आणि मग दिलं.

मित्रांनो, आता मी औषधाच्या दुकानात चालले आहे, आणि तिथून जाळायला जाईन. मी चांगली आहे, जाड आहे, अजून वीस वर्षं टिकले असते. मला तशी टिकवू नका. माझ्यासारखी बरणी तुमच्या घरात असेल, सुयांची, मग ती कुणाच्याही आजाराची असो, तर तिला लपवू नका, तिला रिकामी करून पुन्हा वापरू नका, आणि आधी तिच्यावर लिहा. घरातलं कुणी औषध घेत असेल तर त्याला हसू नका. तुम्ही हसलात की ते माणूस औषध लपवतं, आणि लपवलेली सुई नेमका त्याचाच हात शोधते, ज्याने काही केलेलं नाही.

अंगणातून जाताना मावशी डबे ओतत होती. तिने क्रेनताईच्या काखेतल्या माझ्याकडे पाहिलं, मोजे काढून जवळ आली, आणि बोट न लावता माझ्यावरची ओळ वाचली. मोठ्याने, एकेक शब्द, शेवटच्या शब्दापर्यंत.

"आत्या, तूसुद्धा नको," असं वाचून ती हसली. खरंखुरं.

"न्या," मग ती म्हणाली. "न्या लवकर."

माझा राग अजून गेलेला नाही. पण जाळायला एवढा राग बरोबर असलेला बरा.